चार वर्षांच्या हातात काय द्यावं : खरा कॅमेरा, जुना फोन की खेळण्यातला?

इंदुरातल्या सुदामानगरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, हा सारखा बाबांच्या कॅमेऱ्याला हात लावतोय. कुलपात ठेवू, जुना मोबाइल देऊ, की खेळण्यातला एखादा आणू?" बाबा म्हणजे तिचे सासरे, आणि 'हा' म्हणजे माझा चार वर्षांचा भाचा. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी या तिन्ही वाटा चालून झाल्यात, त्यामुळे उत्तर तयार होतं. तिला ते उलटंच वाटलं : त्यातल्या त्यात खराच दे.

कुलपाचं आधी उरकते. इस्त्री, मिक्सर, गरम पाण्याची किटली यांवर चर्चाच नको, ती हाताबाहेरच हवीत. पण घरातल्या बहुतेक महाग वस्तूंना कुलूप लागतच नाही. टीव्हीचं घ्या. त्यातला सगळ्यात महाग भाग म्हणजे पॅनेल. चेंडू लागून तडा गेला, तर वॉरंटीत तो बसत नाही आणि बदलायचा खर्च बऱ्याचदा नव्या टीव्हीच्या आसपास जातो. म्हणून टीव्ही भिंतीवर पक्का ठोकून घ्यायचा, आणि पोराला चेंडू घेऊन अंगणात पिटाळायचं.

खेळण्यातला कॅमेरा आम्ही राजवाड्याजवळ घेतला होता. पाऊण तासात थोरल्याला कळलं की हा लुटुपुटीचा आहे, आणि स्वारी परत खऱ्याकडे वळली. पैसे गेले तेवढंच, असं मी तेव्हा म्हटलं. खरी भीती नंतर कळली. स्वस्त खेळण्यांत, छोट्या रिमोटांत, वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डांत बटणासारखे गोल सेल असतात. 2032 नंबरचा सेल 20 मिलिमीटर रुंद. तो मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून भाजू शकतो, सेल 'संपलेला' असला तरी. त्याच्या झाकणाला स्क्रू नसेल तर वस्तू घरात आणूच नका. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. किमतीवरून धोका मोजायची सवय मला तिथेच सोडावी लागली.

जुना मोबाइल हे घरोघरचं उत्तर. फुटला तर फुटला, जीव हळहळत नाही. पण आमच्या जुन्या फोनची पाठ एक दिवस पापडासारखी फुगलेली दिसली. लिथियमची बॅटरी फुगली की ती चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, मुलाच्या हातात तर नाहीच. दुसरं म्हणजे, फोन हा कॅमेरा नसतोच. फोटोवरून गॅलरी, गॅलरीवरून व्हिडिओ, आणि जेवण निवून जातं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास स्क्रीन सांगितलीय, तीही जितकी कमी तितकी बरी. द्यायचाच तर सिम काढून, वायफाय बंद करून. आयफोनमध्ये 'गाइडेड अ‍ॅक्सेस' आणि अँड्रॉइडमध्ये अ‍ॅप पिन करायची सोय असते, त्याने मूल एकाच अ‍ॅपात राहतं. रोजच्या वापरातला फोन मात्र देऊ नये. यूपीआय लाइटमधल्या, म्हणजे छोट्या खर्चासाठी अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवलेल्या रकमेला पिन लागत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं.

आता खरा कॅमेरा. किंमत सगळ्यांत जास्त, पण त्याला गळ्यात घालायला पट्टा असतो, आणि तो काम एकच करतो. आमच्याकडे नियम दोनच होते : पट्टा आधी गळ्यात, मग कॅमेरा हातात, आणि बसायचं सतरंजीवर. लेन्सवर साधा काचेचा फिल्टर चढवून ठेवला होता. धाकटीने तो एकदा फरशीच्या कडेवर आपटला. फिल्टरची काच तडकली, लेन्स वाचली. अहोंनी दोन दिवस तोंड फिरवलं, मग नवा फिल्टर आणला.

रविवारी पोहे-जिलबी झाली की धाकटीला राजवाड्यावर न्यायचो. सात मजली वाडा समोर, आणि बाईसाहेबांच्या फोटोत दरवाजाचा खालचा हातभर भाग, कबुतरांचे पाय, कुणाची तरी चप्पल. तेवढ्या उंचीवरून वाडा असाच दिसतो, हे मी इंदुरात जन्म काढूनही पाहिलं नव्हतं. फोनवर तिने असं काही टिपलं नाही. तिथे ती स्वतःलाच बघत बसायची.

तरीही बहिणीला एक अट घातली. कॅमेरा तिचा नाही. बाबा अजून लग्नांचे फोटो काढतात, त्यांच्या कामाची वस्तू पोराला शिकायला नाही द्यायची. त्यांनी नको म्हटलं तर वाद न घालता सेकंडहँड साधा डिजिटल कॅमेरा बघायचा, आणि घेण्याआधी बॅटरी बाहेर काढून पाहायची. "त्यांना विचारलंस का?" म्हटलं, तर म्हणाली, नाही अजून.