दोन जुळी क्लोजर, दोन वेगळे टाइप: रस्टच्या टाइप चेकरचे परीक्षण

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्या प्रत्येकाची कधी ना कधी एका विचित्र वाटणाऱ्या एररशी गाठ पडते. इफच्या एका फांदीत स्थानिक व्हेरिएबल वापरणारे एक क्लोजर (भोवतालची व्हेरिएबल्स वापरू शकणारे निनावी फंक्शन) असते, एल्सच्या फांदीत अक्षरशः तेच क्लोजर असते, आणि तरीही कंपायलर ई०३०८ हा क्रमांक दाखवून टाइप जुळत नसल्याचे सांगतो. खाली तो एक टीपही देतो: दोन क्लोजर अगदी सारखी असली तरी त्यांचा टाइप एक नसतो. या परीक्षणाचा विषय कंपायलरचा एवढाच कोपरा आहे, म्हणजे एका क्लोजरचा टाइप दुसऱ्या टाइपमध्ये स्वतःहून बदलायचा की नाही हे टाइप चेकर, म्हणजे टाइप जुळतात का ते तपासणारा कंपायलरचा भाग, कसे ठरवतो, आणि ते ठरवताना प्रोग्रामरला कितपत साथ देतो. माझे मत आधीच नोंदवतो: हा भाग अत्यंत विचारपूर्वक घडवलेला आहे, मात्र क्लोजरच्या मजकुरापेक्षा ते कोठे लिहिले आहे यावर त्याचा निर्णय अधिक अवलंबून असतो, आणि हे उमगेपर्यंत त्याचे वागणे लहरी वाटते.

मुळात प्रत्येक क्लोजरला वेगळा टाइप का, हे आधी पाहिले पाहिजे. रस्टमधील क्लोजर म्हणजे बाहेरची जी व्हेरिएबल्स त्याने पकडली असतील तेवढ्यांनाच पोटात ठेवणारी एक निनावी रचना असते. काहीच पकडले नसेल तर तिचा आकार शून्य बाइट असतो. टाइप स्वतंत्र असल्यामुळे, ते क्लोजर एखाद्या जेनेरिक (अनेक टाइपांसाठी लिहिलेल्या) फंक्शनला दिले की कंपायलर त्या फंक्शनची खास त्या क्लोजरसाठी प्रत तयार करतो, कोणता कोड चालणार हे त्याला नेमके ठाऊक असते, आणि तो कोड जागच्या जागी मिसळून टाकता येतो. इटरेटरच्या, म्हणजे घटक एकेक करून पुरवणाऱ्या रचनांच्या, लांबलचक साखळ्या साध्या लूपइतक्या वेगाने चालतात त्यामागे हे मोठे कारण आहे. टाइपच्या वेगळेपणामुळे होणारा त्रास ही या वेगाची किंमत आहे, आणि मला ती वाजवी वाटते.

या निनावी टाइपमधून बाहेर पडण्याचे दोन रस्ते टाइप चेकर उघडे ठेवतो. पहिला रस्ता फंक्शन पॉइंटरचा, म्हणजे फंक्शनच्या नुसत्या पत्त्याचा: काहीही न पकडणारे क्लोजर, सही (घेतलेल्या आणि परत दिलेल्या मूल्यांचे टाइप) जुळत असेल तर, साध्या फंक्शन पॉइंटरमध्ये बदलते. ही सोय जुलै २०१७ मध्ये आलेल्या १.१९ या आवृत्तीपासून स्थिर झाली. दुसरा रस्ता ट्रेट ऑब्जेक्टचा, म्हणजे नेमका टाइप झाकून फक्त ट्रेट (टाइपला काय करता येते याचा करार) दाखवणाऱ्या मूल्याचा: बॉक्समधले (हीपवरील मूल्याची मालकी असलेल्या पॉइंटरमधले) किंवा संदर्भामागचे कोणतेही क्लोजर, पकडणारे असो वा नसो, डिन एफएन या कुळातील टाइपमध्ये जाऊ शकते. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पहिल्याचा आकार ८ बाइट असतो आणि दुसऱ्याचा १६, कारण ट्रेट ऑब्जेक्टबरोबर डेटाचा पत्ता आणि व्हीटेबलचा (त्या टाइपच्या फंक्शनांच्या तक्त्याचा) पत्ता असे दोन्ही जातात. एफएन (काहीही न बदलता पुन्हा पुन्हा चालवता येणे) हा ट्रेट लागू होणारे क्लोजर एफएनम्यूट (पकडलेले बदलत चालवता येणे) किंवा एफएनवन्स (किमान एकदा चालवता येणे) मागणाऱ्या जेनेरिक फंक्शनला चालते, पण तेथे काहीच रूपांतर होत नाही. एकाच टाइपला तिन्ही ट्रेट लागू असतात एवढेच. शिकवताना ही सरमिसळ फार होते, म्हणून तिचा उल्लेख केला.

आता मुख्य गोष्ट. रूपांतर ठराविक जागीच घडते: टाइप लिहिलेल्या लेट विधानात, फंक्शनच्या आर्ग्युमेंटमध्ये, रचनेच्या फील्डमध्ये, परत दिलेल्या मूल्यात. तयार झालेल्या टाइपच्या आत शिरून टाइप चेकर काहीही बदलत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑप्शनचे, म्हणजे मूल्य असेल किंवा नसेल असे सांगणाऱ्या टाइपचे, आहे. फंक्शन पॉइंटरचा ऑप्शन अपेक्षित असलेल्या लेट विधानात सम या (मूल्य असल्याचे सांगणाऱ्या) रूपाच्या कंसात थेट क्लोजर लिहिले तर ते निमूट चालते, कारण अपेक्षा बाहेरून आत झिरपते आणि क्लोजर समच्या आत शिरतानाच पॉइंटर होते. तेच क्लोजर आधी एका व्हेरिएबलमध्ये समसह ठेवले आणि पुढच्या ओळीत ते व्हेरिएबल फंक्शन पॉइंटरच्या ऑप्शनला दिले, तर कंपायलर नकार देतो. आता ऑप्शनच्या पोटात शून्य बाइटांचे क्लोजर आहे, आणि तेथे आठ बाइटांचा पत्ता हवा असेल तर पूर्ण ऑप्शन नव्याने बांधावा लागेल. असे काम गुपचूप न करण्याचा निर्णय मला मनापासून पटतो. मी आज्ञांचे तक्ते लिहिताना, म्हणजे नाव आणि त्यापुढे चालवायचे क्लोजर अशा जोड्यांचे अॅरे बांधताना, तक्त्याचा टाइप नेहमी आधी लिहितो. त्या एका ओळीमुळे पुढच्या सगळ्या ओळींना त्यांची रूपांतराची जागा मिळते.

अपेक्षित टाइप कोठेच लिहिलेला नसेल तेव्हा टाइप चेकर आणखी एक पाऊल टाकतो. इफच्या फांद्या, मॅचचे पर्याय आणि अॅरेचे घटक यांच्यासाठी तो सर्वांना सामावून घेणारा सर्वांत जवळचा टाइप शोधतो. दोन्ही फांद्यांत काही न पकडणारी, एकाच सहीची वेगवेगळी क्लोजर असतील, तर तो दोघांनाही फंक्शन पॉइंटर बनवतो. सोय उत्तम आहे, पण तिच्यात एक बारकावा आहे: येथे फंक्शनला थेट होणारी हाक (कॉल) न सांगता पत्त्यामार्फत होऊ लागते. वेगाच्या दृष्टीने नाजूक असलेल्या जागी हे लक्षात ठेवले पाहिजे. बाकी सर्व बाबतीत खर्च डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या भाषेने येथे तो किंचित झाकला आहे, आणि या जागी कंपायलरने किमान ऐच्छिक सूचना द्यावी असे मला वाटते. शिवाय ही सोय सर्वत्र लागू नाही. एकच टाइप पॅरामीटर दोन आर्ग्युमेंटना वापरणाऱ्या जेनेरिक फंक्शनला दोन वेगळी क्लोजर दिली, तर पहिल्यावरून पॅरामीटर ठरून जातो आणि दुसऱ्याला एरर मिळते, जरी तीच दोन क्लोजर अॅरेमध्ये गुण्यागोविंदाने नांदत असली तरी. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी म्हणूनच प्रत्येक क्लोजरसाठी स्वतंत्र पॅरामीटर ठेवावा.

मला सर्वांत रंजक वाटलेला भाग मात्र पकडण्याच्या व्याख्येचा आहे. क्लोजर कोणती व्हेरिएबल्स पकडते, आणि ती संदर्भाने (उसनी) की मालकीने (स्वतःकडे घेऊन), याचे विश्लेषण कंपायलर त्या फंक्शनची टाइप तपासणी बरीच पुढे गेल्यावर करतो. रूपांतराचा निर्णय मात्र तपासणी चालू असतानाच घ्यावा लागतो. त्या क्षणी क्लोजरच्या टाइपमध्ये पकडलेल्या गोष्टींच्या जागी अजून न सुटलेला एक अज्ञात असतो. म्हणून टाइप चेकर एक सोपा प्रश्न विचारतो: या क्लोजरच्या मजकुरात बाहेरच्या एखाद्या स्थानिक व्हेरिएबलचा नुसता उल्लेख तरी आहे काय? उल्लेख असेल तर फंक्शन पॉइंटरचा रस्ता बंद. भाषेच्या २०२१ च्या एडिशनपासून (नियमांच्या संचापासून) क्लोजर पूर्ण व्हेरिएबलऐवजी त्याचे हवे तेवढे फील्डच पकडू शकते, आणि बाहेरचे मूल्य केवळ अंडरस्कोअरला बांधणारी ओळ तर काहीच पकडत नाही. तरीही अशा ओळीत नाव आलेले असल्यामुळे ते क्लोजर पॉइंटर होऊ शकत नाही. व्यवहारात हे क्वचितच आड येते, पण मशीन कोणत्या क्रमाने विचार करते हे त्यातून स्वच्छ कळते.

याच नियमाचा रोजच्या कामातला परिणाम जास्त उपयोगाचा आहे. कॉन्स्ट किंवा स्टॅटिक म्हणून घोषित केलेले नाव क्लोजरमध्ये वापरले तर तो उल्लेख मोजला जात नाही, कारण त्या गोष्टी सभोवतालच्या फंक्शनच्या चौकटीत राहत नाहीत. लेटने घोषित केलेला स्थानिक आकडा, त्याचे मूल्य कधीही बदलणार नसले तरी, मोजला जातो. त्यामुळे तक्त्यातील एखाद्या क्लोजरने स्थानिक मर्यादा वापरल्यामुळे तक्ता अडत असेल, तर ती मर्यादा कॉन्स्ट केल्यावर अनेकदा सगळे सुरळीत होते.

अपेक्षेच्या बाबतीत टाइप चेकरची मेहनत कौतुकास्पद आहे. फंक्शनच्या हाकेतील आर्ग्युमेंट तपासताना तो आधी क्लोजर नसलेली सर्व आर्ग्युमेंट तपासतो आणि मग क्लोजरांकडे वळतो, म्हणजे बाकीच्यांवरून ठरलेली माहिती क्लोजरच्या पॅरामीटरपर्यंत पोचते आणि आपल्याला टाइप लिहावे लागत नाहीत. या सोयीची सवय लागल्यामुळेच पुढचा धक्का बसतो. संदर्भ घेऊन तोच संदर्भ परत देणारे क्लोजर थेट आर्ग्युमेंट म्हणून लिहिले तर फंक्शनच्या बंधनावरून त्याच्या लाइफटाइमचे (संदर्भ किती काळ वैध राहतो याचे) नाते नीट ठरते. तेच क्लोजर वाचायला सोपे पडावे म्हणून वरच्या ओळीत नाव देऊन ठेवले, तर घेतलेला आणि परत दिलेला संदर्भ यांचे लाइफटाइम वेगळे धरले जातात आणि एरर येते. कोड नीटनेटका करण्याच्या साध्या कृतीने तो मोडावा, हा या भागातील मला सर्वांत खटकणारा दोष आहे. लेटवर फंक्शन पॉइंटरचा टाइप लिहिला तर न पकडणाऱ्या क्लोजरपुरती अडचण सुटते. पकडणाऱ्यासाठी ते एखाद्या छोट्या जेनेरिक फंक्शनमधून फिरवून आणण्याची युक्ती करावी लागते.

एररचे संदेश बहुतांशी उत्तम आहेत. पकडणारे क्लोजर फंक्शन पॉइंटरच्या जागी दिले तर कंपायलर कारण स्पष्ट सांगतो आणि ज्या ठिकाणी व्हेरिएबल पकडले गेले तेथे बोट ठेवतो. दोन क्लोजर जुळत नसतील तेव्हा मात्र तो बॉक्स करण्याचा सल्ला देतो, आणि तो सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. क्लोजर फंक्शनबाहेर जाणारच नसेल तर दोन्ही क्लोजर आधी घोषित करून फांद्यांतून त्यांचे डिन संदर्भ देणे पुरते, आणि मेमरी मागण्याची गरज पडत नाही. नवशिक्यांना मेमरीची जी भीती वाटते तीही अर्धवट माहितीतून येते: शून्य आकाराचे क्लोजर बॉक्समध्ये ठेवले तरी हीपवर (प्रोग्राम चालताना मागून घ्यायच्या मेमरीत) काहीही मागितले जात नाही. मे २०१९ मधल्या १.३५ पासून बॉक्समधले एफएनवन्सही सरळ हाकेने चालवता येते, त्यामुळे बॉक्सचा पर्याय पूर्वीपेक्षा पुष्कळ सुखाचा झाला आहे.

स्विफ्टमधून येणाऱ्यांना हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटेल, कारण तेथे क्लोजरचा टाइप फक्त त्याच्या सहीवरून ठरतो आणि दोन फांद्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. सी प्लस प्लसमधून येणाऱ्यांना घरच्यासारखे वाटेल. तेथेही प्रत्येक लॅम्डाला (क्लोजरचे तेथील नाव) स्वतःचा टाइप असतो आणि काही न पकडणारा लॅम्डा फंक्शन पॉइंटर होतो.

एक उणीव मात्र जुनी आहे. सी भाषेच्या लायब्ररीला कॉलबॅक (तिने पुढे हाक मारायचे फंक्शन) द्यायचा असेल तर तिला सी पद्धतीच्या हाकेचा पॉइंटर लागतो, आणि क्लोजर केवळ रस्टच्या स्वतःच्या हाकपद्धतीच्या पॉइंटरमध्ये बदलते. काहीही न पकडणारे, एका ओळीचे क्लोजरही तेथे चालत नाही. त्यासाठी नाव असलेले वेगळे एक्स्टर्न (सी हाकपद्धतीने घोषित केलेले) फंक्शन लिहावे लागते. अशा लायब्ररीसाठी वीस-पंचवीस कॉलबॅक लिहायचे असतील, तर मी ती फंक्शन्स वेगळ्या फाइलमध्ये न नेता, ज्या हाकेला ती लागतात तिच्या लगेच वर, त्याच ब्लॉकमध्ये घोषित करतो. आतल्या फंक्शनला बाहेरची स्थानिक व्हेरिएबल्स वापरताच येत नाहीत, त्यामुळे न पकडण्याची अट येथे आपोआप पाळली जाते.