सेवियातले टापास बार, पालक-चण्याच्या हिशोबाने

मे महिन्यात स्पेनमधल्या सेवियाला पाच दिवस राहिलो, मी, नवरा आणि आई. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि सेविया म्हणजे जिथे बारमध्ये मान वर केली की छताला डुकराच्या अख्ख्या तंगड्या टांगलेल्या दिसतात असं गाव, त्यामुळे मी बॅगेत दशम्या आणि मेतकूट भरूनच निघाले होते. मेतकूट तसंच परत आलं. कारण तिथे एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस मिळतं, म्हणजे पालक आणि काबुली चणे, सेवियाची अगदी घरगुती डिश. ऑलिव्ह ऑइलमध्ये तळलेला पाव आणि लसूण कुटून घालतात, त्यात जिरं, लाल पिमेंतोन (मिरचीची पूड) आणि थोडं व्हिनेगर. आम्ही ठरवलं की टापास बारमध्ये, म्हणजे छोट्या बशांतून खाणं देणाऱ्या बारमध्ये, जिथे मिळेल तिथे हीच मागवायची आणि तिच्यावरूनच बार पारखायचा.

पहिला नंबर एल रिंकॉनसियो, बिनशर्त. सांता कातालिना चर्चजवळ आहे, 1670 सालचा, म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायच्या चार वर्षं आधीचा! आतल्या जुन्या टाइल्स, काळपट लाकडी कपाटं, सगळं बघत बसावं असं आहे पण बसू नका, काउंटरलाच उभे राहा, खरी मजा तिथेच. तुम्ही जे मागवाल त्याचा आकडा वेटर समोरच्या लाकडी काउंटरवर खडूने लिहितो, निघताना तिथेच बेरीज करतो आणि पैसे दिले की ओल्या फडक्याने पुसून टाकतो. पालक छोट्या बशीत आला, घट्ट, गडद हिरवा, कडेने तेल सुटलेलं. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, ह्यात जिरं आहे, आणि लसूण छान तांबूस होऊ दिलाय." तिने पावाच्या तुकड्याने बशी पुसून घेतली आणि मला म्हणाली, अजून एक सांग.

बोदेगा सांता क्रूस कॅथेड्रलच्या मागच्या गल्ल्यांत आहे, इथेही हिशोब खडूनेच, गर्दी पार रस्त्यापर्यंत आणि लोक ताटल्या हातात धरून बाहेर उभे. पालक इथेही आवडला पण रिंकॉनसियोतला जिऱ्याचा दरवळ डोक्यात बसला होता त्यामुळे तुलनेत तोच जिंकला. मात्र इथली तळलेली वांगी सोडू नका, वर गोड पाक घालून येतात. आंदालुसियात, म्हणजे सेविया ज्या प्रांतात आहे तिथे, ह्या वांग्यांवर बऱ्याच ठिकाणी मियेल दे कान्या घालतात, नावात मध असला तरी ती चक्क आपली काकवी, मालागाजवळच्या फ्रिखिलियाना गावात अजून बनते. आपल्याकडे भाकरीबरोबर काकवी खाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. नवऱ्याने मोंतादितो दे प्रिंगा घेतला, म्हणजे रश्शात शिजलेलं डुकराचं मांस आणि सॉसेज एकत्र कुस्करून गरम पावात भरलेलं, त्याचं मत असं की सेवियात एकच मांसाहारी गोष्ट खायची तर ही.

कासा मोरालेस 1850 चं, कॅथेड्रलपासून चालत दोन मिनिटांवर. मागच्या खोलीत माणसापेक्षा उंच मातीचे रांजण उभे आहेत, पूर्वी त्यात वाइन साठवायचे. तिथे थंडगार मांसानिया (शेरीचाच प्रकार, एकदम कोरडी, किंचित खारट) आणि चीज घेऊन दुपार घालवावी, खाण्यापेक्षा ती खोली जास्त लक्षात राहते.

एस्लावा सान लोरेन्सो चौकाजवळ, हे नव्या पद्धतीचं. अळंब्यांच्या केकवर अंडं आणि वर आटवलेली वाइन अशी त्यांची प्रसिद्ध डिश आहे, ती मी खाल्ली आणि खरंच तोंडात विरघळली, पण आईसाठी तिथे फारसं काही नव्हतं म्हणून मी एकटीच जाऊन आले. लवकर जा, दार उघडायच्या आधीच रांग असते. नदीपलीकडे त्रियाना भागात लास गोलोंद्रिनास नावाच्या बारमधले मश्रूमही छान.

आता एक वाईट अनुभव, नाव लिहीत नाही. कॅथेड्रलच्या परिसरातच, बाहेर फोटोंचं मोठं मेन्यूकार्ड असलेलं हॉटेल, मी स्पष्ट सांगितलं "सिन कार्ने", मांस नको, तर सॅलडवर टूना आला आणि वेटर म्हणाला हे मांस नाही, मासा आहे. आई काही न बोलता उठली, मला फार वाईट वाटलं. त्यामुळे शाकाहारी लोकांनी हे पाठ करून जा: सिन कार्ने (मांस नको), सिन खामोन (डुकराचं हॅम नको), सिन आतून (टूना नको), सिन वेवो (अंडं नको), चारही वेगवेगळं सांगायचं. साल्मोरेखो म्हणजे टोमॅटो-पावाचं दाट गार सूप, अप्रतिम असतं, पण वर खामोन आणि उकडलेलं अंडं पेरतात, आधीच सांगितलं तर नुसतं देतात.

आणि वेळ सांभाळा, रात्रीचं जेवण साडेआठच्या आत मिळणं कठीण, दुपारचं दीड ते चार. मेन्यूत तापा (छोटी बशी), मेदिया रासिओन (अर्धी प्लेट), रासिओन (पूर्ण प्लेट) असे आकार असतात, सगळीकडे तापाच मागवा, म्हणजे एका संध्याकाळी तीन बार होतात.

शेवटच्या रात्री आईला विचारलं कुठे जाऊया, ती आधीच चपला घालून बसली होती, म्हणाली, त्या खडूवाल्याकडे.