वाकळ-दुपट्यांच्या दुकानासाठी वेबसाइट बिल्डरचा कुठला प्लॅन घ्यावा : 14 महिने वापरून सांगते

आधी मी काय विकते ते सांगते, कारण त्याच्यावरच सगळं हाय. मी बेळगावात वडगावला राहते, सासूबाई, मी आणि येळ्ळूरच्या तिघी बायका मिळून आम्ही वाकळी शिवतो, जुन्या सुती लुगड्यांच्या, हातानं धावदोरा घालून. त्याशिवाय बाळांची दुपटी आणि गुळेदगुड्डच्या खणाचे बटवे. एका मोठ्या वाकळीला दोघींचे आठ-दहा दिवस जातात, त्यामुळं आमच्याकडं शंभर एकसारख्या वस्तू कधीच नसतात, प्रत्येक वाकळ एकच. हे लक्षात ठेवा, पुढं प्लॅनच्या भानगडीत हे लय महत्त्वाचं ठरलं.

आधी सगळं व्हॉट्सअॅपवर चालायचं. फोटो टाकायचा, कुणीतरी विचारायचं "वहिनी ही हाय काय अजून", तोवर ती गेलेली असायची, मग परत फोटो, परत किंमत, रात्री अकरा वाजता पण मेसेज. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्ये वेबसाइट बिल्डरवर, म्हणजे कोड न लिहिता आपली साइट आपणच करता येते अशा भाड्याच्या सेवेवर, वेबसाइट करायची ठरवली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण मी दोन-तीन ठिकाणचे दर बघितले आणि रचना सगळीकडं जवळपास तीच : एक फुकटचा, एक छोटा दुकानाचा, एक मोठा दुकानाचा. मला जे कळलं ते कुठल्याही बिल्डरला लागू पडेल असं वाटतंय. आकडे मात्र माझ्या बिलावरचे आहेत, तुमच्या वेळी वेगळे असतील.

पहिले दोन महिने फुकटच्या प्लॅनवर काढले. पत्ता त्यांच्या नावाचा लांबलचक, खाली त्यांची जाहिरात, आणि पैसे घ्यायची सोय नाही. तरी मी म्हणेन फुकटवरच सुरू करा, कारण खरं काम फोटो काढणं, मापं लिहिणं, किंमत ठरवणं हेच असतं आणि त्याला महिना-दीड महिना सहज जातो, त्या काळाचं भाडं कशाला भरायचं. फोनवरचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा येतो, तो बारीक करून टाका, नाहीतर गावाकडच्या नेटवर पान उघडतच नाही.

ऑगस्टमध्ये छोटा प्लॅन घेतला. वर्षाचे एकदम भरले तर महिन्याला 699 पडतात, दर महिन्याला भरत गेलं तर 899. मोठा प्लॅन वर्षाचा भरला तर महिन्याला 1,299 आणि महिन्यागणिक 1,699. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, जो दराच्या तक्त्यात बारीक अक्षरात असतो. म्हणजे छोट्याचे 8,388 म्हणता म्हणता 9,898 झाले. डोमेन, म्हणजे साइटचा स्वतःच्या नावाचा पत्ता, पहिल्या वर्षी फुकट होतं, दुसऱ्या वर्षीपासून त्याचे वेगळे पैसे, तेही आधीच विचारून घ्या. आणि डोमेन स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घ्या, साइट कुणीही करून देऊदे.

आता खरी गोष्ट. छोट्या आणि मोठ्या प्लॅनमध्ये मला दिसलेला मुख्य फरक म्हणजे कमिशन. छोट्यावर प्रत्येक ऑर्डरवर बिल्डर 3 टक्के घेतो, मोठ्यावर काही नाही. पेमेंट गेटवेचे (साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन आपल्या खात्यात टाकणारी सेवा) 2 टक्के आणि त्या 2 टक्क्यांवर जीएसटी, म्हणजे 2.36, हे दोन्हीकडं द्यावेच लागतात, ते वेगळं धरा. 2,800 च्या वाकळीमागं गेटवेचे 66 रुपये, त्यात छोट्या प्लॅनचं कमिशन 84, वर त्याचा जीएसटी. हे 84 डोळ्यात खुपतात बघा. आठ दिवस दोघींनी बसून शिवलेली वाकळ आणि त्यातले 84 कुणीतरी बसल्याजागी घेतंय असं वाटतं.

आणि तिथंच मी चुकले. ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या आधी ऑर्डरी वाढल्या, त्या एका महिन्यात साइटवरून 45,000 ची विक्री झाली, कमिशन कापलं गेलं 1,350 अधिक जीएसटी. मी म्हटलं हे तर मोठ्या प्लॅनच्या भाड्यापेक्षा जास्त झालं, आणि रात्री बसून सरळ वरचा प्लॅन घेऊन टाकला, उरलेल्या महिन्यांचा फरक एकदम भरून. चॅटवरच्या माणसाला विचारलं होतं की नंतर खाली येता येईल काय, तो येईल म्हणाला. येता येतं, पण वर्ष संपल्यावर! हे त्यानं सांगितलं नाही आणि मी नीट वाचलं नाही. मग जानेवारी ते मे आमची विक्री महिन्याला नऊ-दहा हजार, आणि भाडं मोठ्या प्लॅनचं. मला त्या पैशाचं लय वाईट वाटलं, तेवढ्यात येळ्ळूरच्या एकीला नवीन शिलाई मशीनचा पहिला हप्ता देता आला असता.

हिशोब आधी करायला पाहिजे होता, आणि तो अवघड नाही. दोन प्लॅनच्या भाड्यातला फरक 600 रुपये. त्याला 3 टक्क्यांनी भागा, येतात 20,000. जीएसटी दोन्ही बाजूला सारखाच लागतो म्हणून तो धरायची गरज नाही. म्हणजे महिन्याला सरासरी 20,000 च्या वर, वर्षाला 2,40,000 च्या वर विक्री गेटवेमधून होत असेल तरच मोठा प्लॅन परवडतो. आमची दोन सणाचे महिने 45,000 चे आणि बाकीचे दहा महिने 10,000 चे, वर्षाचे 1,90,000. छोटा प्लॅन 8,388 आणि कमिशन 5,700, मिळून 14,088. मोठा प्लॅन 15,588. सगळं जीएसटीच्या आधीचं. फरक दीड हजाराचा, आणि मी दिवाळीचा एक महिना बघून उलटं केलं. हातानं वस्तू करणाऱ्यांची विक्री सणावरच असते, म्हणून एका महिन्याचा आकडा धरूच नका, वर्षाची बेरीज मांडा. सणाच्या दोन महिन्यांपुरता मोठा प्लॅन महिन्यागणिक घ्यायचा हाही विचार मी करून बघितला, पण मग बाकीचे दहा महिने पण 899 नी भरावे लागतात, 8,990 अधिक 3,398 म्हणजे 12,388 नुसतं भाडं, आणि दहा महिन्यांचं कमिशन 3,000 वेगळं. तो तर दोघांच्या मधला पण स्वस्तातला रस्ता निघाला नाही.

अजून एक. ओळखीची गिऱ्हाइकं अजून व्हॉट्सअॅपवरच येतात आणि सरळ यूपीआय करतात. बँकेतून बँकेत यूपीआयवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे पेमेंटमागं कापलं जाणारं शुल्क, नाही, 1 जानेवारी 2020 पासून. माझ्या बिल्डरमध्ये "हातानं घेतलेलं पेमेंट" म्हणून ऑर्डर नोंदवता येते आणि त्यावर कमिशन लागत नाही, स्टॉक मात्र बरोबर कमी होतो. ही सोय हाय का नाही ते प्लॅन घ्यायच्या आधी बघाच, वाकळ एकच असते आणि साइटवर विकलेली वाकळ व्हॉट्सअॅपवर पण कुणाला दिली तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

गेटवे सुरू करताना पहिल्यांदा अर्ज परत आला, कारण साइटवर माल परत घेण्याचे नियम, डिलिव्हरी आणि पत्ता-फोनचं पान नव्हतं. ती पानं आधी करा.

आता आपल्या सीमाभागातली अडचण, जी मला कुठल्याच व्हिडिओत कुणी सांगितली नव्हती. आमच्या घरापासून महाराष्ट्रातलं शिनोळी अर्ध्या तासाच्या आत, तिथं वाकळ पाठवली की ती परराज्यातली विक्री. आणि पाचशे किलोमीटरवर बेंगळुरूला पाठवली की राज्यातली! आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि गोव्याची, म्हणजे जीएसटीच्या भाषेत आम्ही सतत परराज्यात विकतो. परराज्यात माल विकणाऱ्याला एरवी विक्री कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, आणि कंपोझिशन स्कीममध्ये (छोट्या दुकानदारांनी विक्रीवर ठराविक टक्के कर भरायची सोय) असलेल्याला परराज्यात माल विकता येत नाही. ठराविक हस्तकलेच्या वस्तूंना 20 लाखांपर्यंत नोंदणीतून सूट हाय, पण आपली वस्तू त्या यादीत बसते का ते सीएला दाखवून घ्या, आणि ती सूट घेतली तर परराज्यात जाणाऱ्या पार्सलला रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल (माल पाठवताना ऑनलाइन काढायचा कागद) काढावं लागतं. आमच्या सगळ्या वस्तूंचा विचार करून मी साधी नोंदणीच करून घेतली. ती केली असेल तर बिल्डरच्या खात्यात स्वतःचा जीएसटी नंबर भरायला विसरू नका, मी तीन महिने विसरले होते.

त्यामुळं साइटवर कर आपोआप लागतो का, राज्य बघून सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) की आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीचा) ते ठरतं का, हे मला पाहिजेच होतं. छोट्या प्लॅनमध्येही ते होतं, बरं झालं. पण एक गंमत नाही, त्रासच झाला : निपाणीच्या (हे कर्नाटकातच) एका ताईंनी पत्ता भरताना राज्य महाराष्ट्र निवडलं, मराठीत बोलतात, कोल्हापूर जवळ, सहज हात गेला असेल. बिल आयजीएसटीचं निघालं, मला परत करावं लागलं. आता मी प्रत्येक ऑर्डरचा पिनकोड बघते, 56 ते 59 नं सुरू झाला की कर्नाटक, 40 ते 44 महाराष्ट्र, त्यातला 403 म्हणजे गोवा. शहराचं नाव कुणी बेळगाव लिहितं, कुणी बेळगावी, तेही यादीत दोन वेगळी शहरं म्हणून दिसतात.

कुरिअरचं पण सांगते. वाकळ वजनाला हलकी पण फुगीर. माझी मोठी वाकळ सव्वादोन किलोची, घडी घालून खोका 45 बाय 35 बाय 20 सेंटीमीटर. कुरिअरवाले लांबी-रुंदी-उंची गुणून 5,000 नं भागतात, ते येतं 6.3 किलो, आणि पैसे 6.3 चे घेतात. मोठ्या प्लॅनमध्ये "कुरिअरचा दर आपोआप" म्हणून जी सोय होती ती नुसतं वजन धरत होती, त्यामुळं तिचा मला काही उपयोग झाला नाही, प्रत्येक पार्सलमागं घरातनं पैसे गेले. आता खोका नाही, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून बांधते आणि कर्नाटक, महाराष्ट्र-गोवा, बाकी भारत असे तीन ठरलेले दर लावलेत. हे छोट्या प्लॅनमध्ये होतं.

मोठा प्लॅन सोडताना ज्याचं खरंच वाईट वाटलं ते म्हणजे भाषा. त्यात एका साइटच्या तीन भाषा करता येत होत्या आणि मी मराठी, कन्नड आणि इंग्रजी केल्या होत्या, कन्नडचं शेजारच्या मुलीनं लिहून दिलं होतं, फार सुंदर. गोकाकच्या एका बाईंनी फोन करून सांगितलं की कन्नडमध्ये वाकळीची माहिती वाचून त्यांना त्यांच्या आईची कौदी (कन्नडमध्ये वाकळच) आठवली, आणि त्यांनी दोन घेतल्या. म्हणून छोट्या प्लॅनवर येताना कन्नडचं सोडलं नाही, वेगळी पानं करून मेनूत घातलीत. काम दुप्पट होतं, किंमत बदलली की दोन ठिकाणी बदलायची, पण ते मी करते. मराठीसाठी फॉन्ट बघून घ्या, सुरुवातीला आमच्या साइटवर "ल" आणि "श" हिंदी वळणाचे दिसायचे आणि सासूबाई म्हणायच्या हे आपलं नाही वाटत, पानाची भाषा मराठी म्हणून सेट केल्यावर ते नीट झालं. आणि पानाचा पत्ता इंग्रजी अक्षरातच ठेवा, मराठीत ठेवला तर व्हॉट्सअॅपवर पाठवताना टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते, लोकांना फसवणुकीची लिंक वाटते.

छोट्या प्लॅनला 100 वस्तूंची मर्यादा हाय आणि विकली गेलेली वस्तू लपवली तरी मोजली जाते. आमची प्रत्येक वाकळ वेगळी, त्यामुळं फेब्रुवारीपर्यंतच 80 वर गेलो होतो. आता विकलेल्या वाकळीचा फोटो "आधी केलेल्या वाकळी" या साध्या पानावर टाकते आणि दुकानातनं काढून टाकते. उलट त्या पानाचा फायदाच झाला, लोक तिथला फोटो पाठवून अशीच करून द्या म्हणतात, आईच्या लुगड्यांची वाकळ करून घेणारे तर बहुतेक तिथूनच येतात.

या ऑगस्टला रिन्यूअलच्या आधी कार्डावरून पैसे जाणार असा 24 तास आधी मेसेज आला, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं तो येतोच, पण तेवढ्यावर राहू नका, मी महिनाभर आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं आणि आधीच खाली आले. अर्धवट सोडलेल्या ऑर्डरीची आठवण करणारे ईमेल बंद झाले. त्यातून वर्षभरात माझ्याकडं तीनच ऑर्डरी आल्या होत्या, आमची गिऱ्हाइकं ईमेल उघडत नाहीत, मी फोन केला की लगेच बोलतात.

आता या दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्यात आणि कमिशन परत कापलं जातंय. भिंतीवर सासूबाईंच्या औषधाच्या वेळापत्रकाशेजारी मी कागद लावलाय, दर महिन्याची गेटवेची विक्री त्यावर लिहिते. आजपर्यंत ऑगस्टपासूनची बेरीज 61,400. जुलैपर्यंत 2,40,000 च्या वर गेली तर मोठा प्लॅन, नाहीतर हाच.