जुन्या अमेरिकन रेडिओवरचं ‘सस्पेन्स’: कुठून सुरू करावं, काय वगळावं

इंदूरच्या हौशी नाटकांना मी साउंड देते. रहस्यनाटक बसवणारं कोणी ‘तयारीला काय ऐकू?’ विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं: सीबीएस रेडिओचं ‘सस्पेन्स’. १९४२ ते १९६२ अशी वीस वर्षं चाललेली मालिका. दर भागात नवी गोष्ट, नवी पात्रं, बहुतेक भाग अर्ध्या तासाचे. नऊशेच्या वर भाग शिल्लक आहेत आणि इंटरनेट अर्काइव्ह या वेबसाइटवर फुकट ऐकता येतात.

सुरुवात ‘सॉरी, राँग नंबर’पासून करा. ल्युसिल फ्लेचरची ही श्रुतिका २५ मे १९४३ ला पहिल्यांदा लागली. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसला फोन लावतेय. लाइन क्रॉस होते आणि दोन माणसं कुणा बाईच्या खुनाचं ठरवताना तिला ऐकू येतात. वेळ रात्री सव्वाअकराची, कारण तेव्हा पुलावरून आगगाडी जाते, ती ओरडली तरी कुणाला कळणार नाही. इथून पुढे जवळजवळ सगळं नाटक त्या बाईचं काम करणारी अ‍ॅग्नेस मूरहेड एकटीच्या गळ्यावर पेलते. आधी ती ऑपरेटरवर नुसती खेकसते. चिडकी, हट्टी बाई. तिची दया येतच नाही. मग वाक्याच्या मधेच तिचा श्वास तुटायला लागतो. आणि साउंड तरी किती थोडा! डायल फिरल्याची खरखर, एंगेज टोन, ऑपरेटरचा शिस्तीतला थंड आवाज. गाडीचं आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे संगीताने घाबरवायची गरजच उरत नाही, ऐकणाराच त्या गाडीची वाट बघत बसतो. आमच्याकडे जेवणं आटोपल्यावर लावलं होतं. सासऱ्यांचं अर्धं आयुष्य मालवा हाउसची, म्हणजे आकाशवाणी इंदूरची, हिंदी नाटकं ऐकण्यात गेलेलं. शेवटच्या पाच मिनिटांत त्यांच्या हातातला अडकित्ता सुपारीवर तसाच थांबला होता.

आपल्याकडे खुनाचा सीन आला की कीबोर्डवर ‘ढ्यांऽऽ’ वाजवायची घाई असते. प्रत्येक दिग्दर्शकाने हा भाग ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

त्यानंतर ‘द हिच-हायकर’. तीही फ्लेचरचीच. ब्रुकलिनहून कॅलिफोर्नियाला एकटाच गाडी चालवत निघालेल्या माणसाला रस्त्यात तोच एक लिफ्ट मागणारा पुन्हापुन्हा दिसतो. त्या माणसाचं काम करणाऱ्या ऑर्सन वेल्सने आवाज जराही न चढवता ही भीती वाढवत नेली आहे. संगीत बर्नार्ड हरमनचं. तो आणि फ्लेचर तेव्हा नवरा-बायको होते, आणि शब्द कुठे थांबतो नि सूर कुठे शिरतो हे ऐकताना ते जाणवतं.

मधल्या जाहिराती, आधी रोमा वाइनच्या, पुढे ऑटो-लाइट स्पार्क प्लगच्या, सरळ पुढे ढकला. मूळ प्रक्षेपण डिस्कवर उतरवलेलं, म्हणून खरखर असणारच. ती काढून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रती मात्र टाळा, खरखरीबरोबर कुजबुजही जाते. इंग्रजी भराभर आहे, हेडफोन लावा. १९५९ नंतर निर्मिती न्यूयॉर्कला गेली. ते भाग मला फिके वाटतात, नाही ऐकले तरी चालेल.

‘सीबीएस रेडिओ मिस्टरी थिएटर’चं नाव बरेच जण घेतात. १९७४ ते १९८२, हायमन ब्राऊनची निर्मिती, १,३९९ भाग. आवाज स्वच्छ, इंग्रजी सोपं, पण तासाभराच्या मापात बसवायला गोष्ट ताणलेली कळते. प्रवासात ठीक.

पैसे देऊन पेनड्राइव्ह वगैरे घेऊ नका. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवला होता. भागांवर तारखा चुकीच्या, आणि कितीतरी ठिकाणी शेवटचा मिनिट कापलेला. रहस्यकथेत तोच मिनिट गेला तर उरलं काय? अर्काइव्हवर एकाच भागाच्या दोन-तीन प्रती मिळतात. डाउनलोड करण्याआधी शेवट तेवढा पूर्ण आहे ना, बघून घ्या.