गिझरपासून नळापर्यंत: जीआय, सीपीव्हीसी की पीपीआर?

बाथरूम फोडलं तेव्हा भिंतीतून तीसेक वर्षांपूर्वीचा अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पाईप, निघाला. प्लंबरने तो कापून तोंड माझ्यापुढे धरलं. आत तांबूस क्षारांचा थर चढत चढत जेमतेम पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं होतं. गच्चीवरची टाकी भरलेली असताना शॉवर का रडतो, ते त्या दिवशी कळलं.

म्हणून भिंतीच्या आत जीआय आता नको, एवढं लगेच ठरलं. आटे पाडताना जस्ताचा लेप निघून जातो आणि गंज तिथूनच धरतो. मग गळती थांबवायला वर कितीही सुतळी-सफेदा गुंडाळा. बोअरचं जड पाणी किंवा कोकणातली खारी हवा असेल तर आणखी लवकर. मात्र उष्णतेची त्याला पर्वा नाही. घरी सोलर हीटर असेल तर ही गोष्ट लक्षात ठेवा: चार दिवस गावाला गेलात की सोलरच्या टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जाऊ शकतं. तिथून निघणारा पहिला तुकडा धातूचाच बरा.

साधा यूपीव्हीसी (कडक पीव्हीसी प्लास्टिकचा पाईप) स्वस्त आहे, पण ४५ अंशांपर्यंतच. टाकीतून खाली येणाऱ्या थंड लाइनला तो उत्तम. गिझरच्या थंड बाजूला मात्र नको, कारण पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बिघडला की गरम पाणी उलटं त्या पाईपात शिरतं आणि तो मऊ पडतो.

खरी निवड सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा, क्लोरीन वाढवलेला पीव्हीसी) आणि पीपीआर (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचा पाईप) यांच्यात.

सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत चालतो. तापला की त्याची दाब सोसायची ताकद उतरते; ८२ अंशांना ती थंड पाण्याच्या मानाने साधारण चौथा हिस्साच उरते. तरी घाबरायचं कारण नाही. टाकी दहा मीटर उंच असेल तर दाब येतो चौरस सेंटीमीटरला एक किलो, आणि उरलेली ताकद त्याच्या कितीतरी पट असते. याचं दुखणं पाईपात नाही, जोडात आहे. आमच्याकडे बेसिनखालचा एक एल्बो (कोपऱ्याचा जोड) आठ महिन्यांनी पाझरू लागला. कापून पाहिला तर हॅकसॉने कापताना कडेला राहणारी खरबरीत कूस तशीच आणि चिकटवायचं सोल्युशन यूपीव्हीसीचं, आदल्या कामातलं उरलेलं! म्हणून डबा स्वतः बघा, त्यावर सीपीव्हीसी लिहिलेलं हवं. पाईप कटरने कापायला सांगा, कूस काढून घ्या, आणि जोड बसवल्यावर अर्धा मिनिट दाबून धरायला लावा. नळ जिथे लागणार तिथे पितळी आट्यांचीच फिटिंग घ्या, प्लास्टिकचे आटे पान्ह्याखाली तडकतात.

पीपीआरचा जोड २६० अंशांच्या मशीनवर वितळवून करतात. पाईप आणि फिटिंग अक्षरशः एकजीव होतात. नीट झालेला जोड सीपीव्हीसीपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो. पण कारागीर पाच-सात सेकंद जास्त थांबला की वितळलेलं प्लास्टिक आत गोळा होऊन भोक अडवतं, आणि बाहेरून काही दिसत नाही. पुढे कधी गळलं तर ते मशीन भिंतीच्या कोपऱ्यात शिरणार कसं? तुमच्या गावात पीपीआरचं काम रोज करणारा माणूस नसेल तर सोडून द्या.

पीपीआर तापून लांबतोही जास्त. पाणी ४० अंशांनी तापलं तर तीन मीटरचा पीपीआर सुमारे १८ मिलिमीटर वाढतो, सीपीव्हीसी सात-आठ, जीआय दीडही नाही. भिंतीत गाडलेला पाईप जागेवर धरलेला असतो. डक्टमध्ये (पाईपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेत) उघड्यावर लांब लाइन असेल तर ती वाकडी होते.

आणखी एक फसगत मापात होते. जीआयचा २० एमएम म्हणजे पाऊण इंच. पीपीआरचा २० हे बाहेरचं माप, आणि जाड भिंतीचा पाईप असेल तर आतून जेमतेम तेरा. पाऊण इंचाच्या जवळपास प्रवाह हवा असेल तर २५ मागा.

आम्ही भिंतीत गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी घेतला, कारण आमच्या प्लंबरचा हात त्यावर बसलेला आहे. उन्हातल्या तुकड्यांना पांढरा रंग दिला. सगळे नळ बंद करून हातपंपाने दाब चढवला आणि काटा दोन तास हलला नाही, मगच टाइल्सवाल्याला फोन केला.