मायटोकाँड्रियातील प्रथिनभंजक विकरे : कॉलेज रोडवरील एका व्याख्यानमालेचे परीक्षण

नाशिकच्या कॉलेज रोडवरील एका खासगी शिकवणीत सेट-नेटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मायटोकाँड्रियावरील, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकावरील, स्वतंत्र व्याख्यानमाला नुकतीच पूर्ण झाली. तिच्यातील प्रथिनभंजक विकरांचा, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमांचा, भाग इतका कसदार होता की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

खराब झालेली प्रथिने नष्ट करणारी यंत्रणा, एवढीच ओळख देऊन या विकरांचा विषय बहुतेक ठिकाणी आटोपला जातो. येथील मॅडमनी मात्र सुरुवात उभारणीपासून केली. मानवी मायटोकाँड्रियाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये केवळ १३ प्रथिनांचे संकेत असतात. उरलेली हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातील जनुकांनुसार पेशीद्रवात तयार होऊन आत येतात, आणि मॅट्रिक्समध्ये, म्हणजे मायटोकाँड्रियाच्या सर्वांत आतील पोकळीत, जाणाऱ्या बहुसंख्य प्रथिनांच्या टोकाशी असलेला, पाकिटावरील पत्त्याचे काम करणारा तुकडा आत पोहोचताच एमपीपी हे विकर कापून टाकते. म्हणजे कापणे हा येथे घडणीचाच एक टप्पा आहे. त्यापुढचे एम-एएए विकराचे उदाहरण तर फारच नेमके निवडलेले होते. मायटोकाँड्रियाच्या दोन पटलांपैकी (आवरणांपैकी) आतील पटलातील बिघडलेली प्रथिने मोडणारे हेच विकर एमआरपीएल३२ या प्रथिनाचा अग्रभाग कापते, तेव्हाच मायटोकाँड्रियातील रायबोसोमची (प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेची) जुळणी पूर्ण होऊ शकते. मानवात या विकराचा एक घटक असलेल्या पॅराप्लेजिनच्या जनुकातील दोषामुळे पाय ताठर आणि अशक्त होत जाणारा आनुवंशिक विकार होतो, हे १९९८ पासून ज्ञात आहे. तो संबंध कळल्यावर विषयाचे गांभीर्य आपोआप मनात उतरते.

पिंक१ हे मायटोकाँड्रियातील बिघाड ओळखणारे प्रथिन शिकवण्याची पद्धत मला सर्वांत आवडली. निरोगी मायटोकाँड्रियात पिंक१ आतील पटलापर्यंत जाते, तेथे पार्ल हे विकर त्याला कापते आणि उरलेला भाग पेशीद्रवात परतून प्रोटिएसोम या प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडून नष्ट होतो. एवढे सांगून मॅडमनी फळ्यावरील आतील पटलाजवळची, विद्युत विभव दाखवणारी ऋण चिन्हे डस्टरने पुसली आणि आता पिंक१ कोठे थांबेल, असे विचारले. विभव गेल्यामुळे आत जाण्याची वाट बंद, कापणारे विकर आवाक्याबाहेर, म्हणून पिंक१ बाह्य पटलावर साचते, पार्किन या प्रथिनाला बोलावते आणि निकामी मायटोकाँड्रियाची विल्हेवाट सुरू होते, हे उत्तर विद्यार्थ्यांनीच टप्प्याटप्प्याने दिले. डीएनएला न जोडलेल्या टीएफएएम प्रथिनाचा लॉन या विकराकडून होणारा निचराही थोडक्यात, पण स्वच्छ समजावला गेला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मायटोकाँड्रिया परस्परांत मिसळण्यासाठी लागणाऱ्या ओपीए१ या प्रथिनाची बाजू घाईत उरकली गेली. वायएमई१एल आणि ओएमए१ ही दोन्ही विकरे ओपीए१ कापतात. परंतु ताणाच्या वेळी ओएमए१ त्याची लांब रूपे झपाट्याने संपवते, त्यामुळे मायटोकाँड्रियाचे परस्परांत मिसळणे थांबून त्यांचे जाळे तुटते, हा कळीचा भाग आहे आणि तो शेवटच्या काही मिनिटांत कोंबण्यात आला. छापील टिपणांतील आकृत्यांची झेरॉक्स इतकी फिकट आहे की बाह्य पटल कोणते आणि आतील कोणते, हे ओळखता येत नाही. पटलांच्या जागेवरच सारे अवलंबून असलेल्या विषयात ही हयगय खटकते. शिवाय वर्ग उशिरा सुटतो, त्यामुळे सिन्नर आणि दिंडोरीकडच्या मुलामुलींना एसटीसाठी शंका न विचारताच निघावे लागते.

तरीही पुढील तुकडीत नाव नोंदवावे, असेच मी सांगेन. मात्र प्रथिने मायटोकाँड्रियात कशी आणली जातात, हे प्रकरण आधी वाचून जावे, कारण पहिल्याच तासापासून ते येत असल्याचे गृहीत धरले जाते.