शिल्डिंग, अडवणूक की धक्का: पंचाने शिट्टी कधी फुंकावी?

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील शालेय आणि गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांत पंचगिरी बहुधा शारीरिक शिक्षणाचे शिक्षक किंवा नुकतेच खेळणे सोडलेले खेळाडू करतात. हातात नव्यानेच शिट्टी आलेल्या अशा पंचाला ऑफसाइडपेक्षाही जास्त सतावतो तो चेंडूसाठी चाललेल्या दोन खेळाडूंच्या रेटारेटीचा प्रश्न. त्याच्यापुढे तीन वाटा असतात: खेळ चालू ठेवणे, इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) देणे किंवा डायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल करता येतो) देणे. या तिन्हींत चूक होण्याचे प्रमुख कारण, माझ्या मते, एकच आहे. पंच आधी अंगाला अंग लागले का हे पाहतो आणि चेंडू कुठे होता हे नंतर आठवू लागतो. हा क्रम उलटा हवा.

फुटबॉलच्या नियमावलीतील नियम क्रमांक 12 नुसार खेळाडूला प्रतिस्पर्धी आणि चेंडू यांच्यामध्ये उभे राहून चेंडू झाकता येतो (यालाच शिल्डिंग म्हणतात), मात्र त्यासाठी चेंडू त्याच्या खेळण्याच्या अंतरात असला पाहिजे आणि त्याने हातांनी किंवा अंगाने प्रतिस्पर्ध्याला रोखून धरता कामा नये. पाय लांबवून किंवा उडी मारून चेंडूला स्पर्श करता येईल, तेवढे हे अंतर. ते मीटरमध्ये ठरलेले नाही. उंच्यापुऱ्या खेळाडूचे वेगळे आणि सातवीतल्या मुलाचे वेगळे. चेंडू या अंतरात असेल तर त्याला प्रत्यक्ष पाय लावलाच पाहिजे, असे बंधन नाही. चेंडू दोघांच्याही आवाक्याबाहेर असताना एकाने दुसऱ्याच्या वाटेत शिरून त्याला थांबवले, त्याचा वेग तोडला किंवा त्याला दिशा बदलायला लावली, तर ती अडवणूक होते.

आपल्याकडच्या मैदानांवर हे अंतर डोळ्यांदेखत बदलते. उन्हाळ्यात लाल मातीचे मैदान टणक झालेले असते आणि हलका स्पर्श झालेला चेंडूही सुसाट पळतो. मिरगाचा पाऊस सुरू झाला की तोच चेंडू चिखलात जागच्या जागी रुततो. गोललाइनजवळचा नेहमीचा प्रसंग घ्या. चेंडू बाहेर जाऊन गोल किक मिळावी म्हणून डिफेंडर त्याच्या मागोमाग चालला आहे, मागून फॉरवर्ड वाट काढू पाहतो आहे. मैदान ओले असेल तर चेंडू डिफेंडरच्या पुढ्यात राहतो आणि त्याने पाठ करून जागा धरली तरी ते निखळ शिल्डिंग ठरते. मैदान कोरडे असेल, चेंडू चार-पाच पावले पुढे निघून गेला असेल आणि डिफेंडर त्याच्याकडे न पाहता फॉरवर्ड जिकडे वळेल तिकडे सरकत असेल, तर तो चेंडू झाकत नसून माणूस अडवतो आहे. पहिल्या वेळी शिट्टी नको, दुसऱ्या वेळी हवीच. दुसऱ्या प्रकाराकडे डोळेझाक करण्याची आपल्याकडे फार सवय पडली आहे आणि त्यात चपळ, पण अंगाने लहान असलेल्या मुलांवर अन्याय होतो, याची मला मनापासून खंत वाटते.

शिक्षा ठरवताना मात्र स्पर्शाला महत्त्व येते. स्पर्श न होता अडवणूक झाली तर इनडायरेक्ट फ्री किक; स्पर्श झाला तर डायरेक्ट. हा फरक 2016 मध्ये नियमांच्या फेरमांडणीत स्पष्टपणे लिहिला गेला, त्यामुळे आधीच्या काळात खेळलेले अनेक जण आजही प्रत्येक अडवणुकीला इनडायरेक्टच मागतात. पेनल्टी क्षेत्रात या फरकावर अख्खा सामना फिरू शकतो. तिथे बचाव करणाऱ्याने स्पर्श करून अडवले की थेट पेनल्टी. स्पर्शाशिवाय अडवले की पंचाने एक हात डोक्यावर उंच धरून इनडायरेक्ट फ्री किक द्यायची. अशा वेळी बचाव करणारा संघ फ्री किकसाठी ठरलेल्या 9.15 मीटर अंतरापेक्षा जवळ, दोन खांबांमधल्या गोललाइनवर उभा राहू शकतो, हेही नव्या पंचाला माहीत असावे, नाहीतर नेमक्या त्याच क्षणी गोंधळ उडतो. स्पर्श झाला नाही म्हणजे गुन्हा किरकोळ, असेही समजू नये. अशा अडवणुकीने गोलची उघड संधी हिरावली गेली तर लाल कार्डच दाखवावे लागते.

आता धक्क्याकडे वळू. एका बाजूला कोल्हापूरचा तालमींचा फुटबॉल आणि दुसऱ्या बाजूला गोवा अशा शेजारात वाढलेल्या इथल्या प्रेक्षकाला अंगावर घेऊन खेळणे पाहायला आवडते, पण आपला खेळाडू पडला की तोच ‘ओ रेफरी, काय बघालासा?’ म्हणून ओरडतो. पडणे हा पुरावा नव्हे. चेंडू आवाक्यात असताना, दंड अंगालगत ठेवून खांद्याला दिलेला खांदा नियमाला मान्य आहे, त्यात हलका खेळाडू आडवा झाला तरी. शिल्डिंग करणाऱ्यालाही असा खांदा देता येतो. पाठीवर दोन्ही हात टेकवून ढकलता मात्र येत नाही. निष्काळजीपणे ढकलले तर फक्त डायरेक्ट फ्री किक, समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता अंगावर गेला तर सोबत पिवळे कार्ड, आणि गरजेपलीकडचा जोर लावून त्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर लाल कार्ड, असे हे तीन टप्पे आहेत. जर्सी किंवा दंड धरण्याला हे टप्पे लागू नाहीत. धरण्यामुळे समोरच्याच्या हालचालीला अटकाव झाला, एवढे डायरेक्ट फ्री किकसाठी पुरते. ते धरणे पेनल्टी क्षेत्राबाहेर सुरू होऊन आत चालू राहिले, तर पेनल्टी द्यायची.

शिल्डिंग करणारा स्वतःही दोषी ठरू शकतो, हे बहुधा नजरेतून निसटते. चेंडू पायाशी आहे, पण कोपर मागे काढून तो फॉरवर्डच्या छातीला रेटतो आहे, किंवा कंबर मागे लोटत त्याला मागे ढकलत नेतो आहे. इथे पाठीमागच्या खेळाडूवर शिट्टी फुंकणे ही सरळसरळ चूक आहे. तसेच, जो आधीपासून आपल्या जागी उभा आहे त्याच्यावर कोणी धावत येऊन आदळला, तर उभ्या असलेल्याने अडवणूक केली असे होत नाही. प्रत्येकाला मैदानावरील आपल्या जागेचा हक्क आहे. वाटेत असणे आणि वाटेत येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कॉर्नर किकच्या वेळी गोलकीपरपुढे उभ्या राहणाऱ्यालाही हाच निकष लावावा. तो नुसता उभा असेल तर चालेल. गोलकीपर सरकेल तसा तोही सरकत असेल तर चालणार नाही.

हे सगळे ओळखायचे तर पंचाची जागा योग्य हवी. झटापट करणाऱ्या दोघांच्या सरळ मागून धावणाऱ्या पंचाला फक्त पाठी दिसतात. चेंडू किती दूर आहे आणि हात कुठे आहेत, हे कळत नाही. टिळकवाडीतल्या लेले मैदानावर असो की एखाद्या गावच्या शाळेच्या पटांगणात, चार पावले बाजूला सरकून दोघांच्या मधली फट दिसेल असा कोन घ्यावा. लहान स्पर्धांत लाइनमन अनेकदा नवखे असतात, म्हणून गोललाइनजवळच्या शिल्डिंगचा निर्णय त्यांच्यावर सोपवू नये. चेंडू तिकडे वळताच पंचाने स्वतः पेनल्टी क्षेत्राच्या कडेपर्यंत पोहोचलेले असावे.